सुगरणीच्या घरट्याची खिडकी

फार मागे एका विहिरीवरच्या बाभळीवर एक कावळीण राहायची. समोरच्याच फांदीला सुगरणीचं घरटं लोंबायचं, तोंड खाली पाण्याकडे. आत काय चालतं ते कुणालाच दिसत नसे, आणि कावळिणीचा नुसता जळफळाट व्हायचा. "माझा संसार उघड्यावर, आणि हिचा मेलीचा झाकून! आत काहीतरी घबाड असणारच."

पक्ष्यांच्या सभेत तिने नवा कायदा मांडला: प्रत्येक घरट्याला वरून, फांदीच्या बाजूने, खिडकी हवीच. "सापापासून पिल्लांना जपायला हो!" ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली.

"अगं, साप शिरू नये म्हणूनच तर मी दार खाली ठेवलंय," सुगरण कळवळली. पण सापाचं नाव ऐकूनच सगळ्यांनी घाबरून पंख वर केले होते. कायदा झाला.

खिडकी तयार होताच कावळिणीने अधाशासारखी मान आत घातली. गवत, चिखलाचा एक गोळा आणि दोन अंडी. एवढंच! तिच्या घरट्यातही याहून जास्तच होतं.

तेवढ्यात मागून थंडगार आवाज आला. फांदीवर साप येऊन थांबला होता.

"झालं का बघून, वहिनी? मग सरका जरा. खिडकी सगळ्यांसाठीच आहे ना?"