राणीच्या घुंगराची गाठ

एका राज्यात मोठी विचित्र रीत होती. मूल बारा वर्षांचे झाले, की त्याने मनगटाला घुंगरू बांधावे, नाहीतर ते नदीत सोडून द्यावे. बांधणारे ते बोलके. त्यांनी जन्मभर चारचौघांत राहावे. सोडणारे ते अबोल. त्यांच्या दारी कुणी जाऊ नये. बांधलेली गाठ पुन्हा सोडायची नाही, असा दंडक होता. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. दंडकांचे असेच असते.

तिथला राजा वीरकेतू. त्याची राणी कुमुदिनी परमुलखातली. लग्नमंडपात राजानेच मोठ्या कौतुकाने तिच्या हाती घुंगरू बांधले. तिला काय हवे, ते कुणी विचारले नाही. ती दरबारात बसली, हसली, बोलली, आणि एक लेक मागे ठेवून झिजून झिजून गेली. वैद्यांना रोग काही सापडला नाही.

लेक शर्वाणी बारा वर्षांची झाली. सकाळी ती घुंगरू बांधी आणि भरल्या सभेला हसवी. दुपारी तेच घुंगरू सोडून तळ्याकाठच्या मनोऱ्यात एकटी जाऊन बसे.

"महाराज, मला दोन्ही हवे," ती म्हणे.

लोक कुजबुजू लागले, "ही धड इकडची ना तिकडची." राजाला ते लागले. त्याने कालभृंग मांत्रिकाला बोलावून आज्ञा केली, "हिचे एकदाचे काय ते ठरवून टाक."

मांत्रिकाने चिमूटभर राख फुंकली. एका शर्वाणीच्या दोन झाल्या.

घुंगरूवाली सभेतून उठेना. बोलून बोलून घसा बसला, तरी क्षणभर एकटी पडली की किंचाळे. बिनघुंगराची मनोऱ्यातून उतरेना. माणसाचे पाऊल वाजले की भिंतीत शिरे. दोघी दिवसेंदिवस विरू लागल्या. पंधरवड्यात घुंगरूवालीच्या अंगातून पलीकडचा खांब दिसू लागला.

"मला तोडणे येते, जोडणे येत नाही," म्हणून मांत्रिक चालता झाला.

तेव्हा राणीची साळुंकी बोलली. राणी गेल्यापासून ती मुकी होती. "राजा, जत्रेतली शांतता आण. ओसाड विहिरीतले गाणे आण. आणि राणीच्या घुंगराची गाठ सोडव. नाहीतर लेकही जाईल."

राजा मडकी घेऊन एकटाच निघाला, साळुंकी त्याच्या खांद्यावर. जत्रेत ढोल, ताशे, आरोळ्या. त्या गदारोळात एक बाई लेकराला थोपटीत बसली होती. तिच्याभोवती हातभर शांतता होती. राजाने ओंजळभर मागून घेतली.

ओसाड विहिरीवर तो वाकला, तो आतून गाणे ऐकू आले. राजा काठाला धरून आणखी वाकला.

"हा आवाज कुमुदिनीचा."

"माहेरी जाते सांगून ती इथे येई," साळुंकी म्हणाली. "दिवसभर एकटी गाई, मग आनंदाने परते. पुढे तू माहेर बंद केलेस. तिलाही दोन्ही हवे होते, राजा."

"मला तर ती सुखी दिसे."

"हातातले घुंगरू वाजत होते. तुला वाटले, ती हसते आहे."

राजाने गाणे मडक्यात भरले आणि घर गाठले. राणीचे घुंगरू पेटीत होते. शेवटी तिचे मनगट इतके बारीक झाले होते, की गाठ न सोडताच ते निसटून आले होते. राजाने नखे मोडली, गाठ हलेना. मग तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला.

"कुमुदिनी, मी तुला विचारायला हवे होते. माझे चुकले."

गाठ सुटली.

सभेत शांततेचे मडके फोडले, तशी घुंगरूवाली गप्प झाली आणि उठून मनोऱ्याकडे चालू लागली. मनोऱ्याखाली गाण्याचे मडके फोडले, तशी दुसरी पायऱ्या उतरू लागली. वर गेली एक, खाली येत होती एक, आणि बाहेर आली ती सगळीच्या सगळी शर्वाणी. राजाने तिला पोटाशी धरले.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. प्रत्येक दाराशी खुंटी ठोकावी. हवे तेव्हा घुंगरू बांधावे, नको तेव्हा टांगावे. राज्य सुखी झाले.

राजवाड्याच्या दाराशी दोन खुंट्या आहेत. शर्वाणीची कधी भरलेली, कधी रिकामी. शेजारची मात्र कायम भरलेली. वाऱ्याने ते घुंगरू वाजले, की म्हातारा राजा बोलता बोलता थांबतो आणि दाराकडे पाहतो.

लेकीला मिळाले, तसे तुम्हांआम्हांला मिळो. राजाचे विचारायचे राहून गेले, तसे कुणाचे न राहो.