टेकचं मळकं पान

शाळेतल्या कपाटांना कुलपं नसायची, तेव्हाची गोष्ट. तिथल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘अ‍ॅब्डिकेट’ नावाचं ऐटबाज क्रियापद राहायचं. त्याचा अर्थ एकच, राजाने गादी सोडणे. शेवटाकडे राहणाऱ्या ‘टेक’चे मात्र दीड पान अर्थ होते. औषध घ्यायचं, फोटो काढायचा, डबा न्यायचा, सगळीकडे हाच.

“पडेल ते काम करतोस,” अ‍ॅब्डिकेट हिणवायचा. “पान बघ तुझं, सगळे तेलकट बोटांचे डाग! माझं कसं कोरं करकरीत!”

टेक ओशाळायचा, तेवढ्यात कुणी पोर कोश उघडायचं आणि तो कामाला लागायचा.

मे महिन्यात ग्रंथपाल कमळजाबाईंनी कोश उन्हात ठेवला, पानं चाळली आणि म्हणाल्या, “अगंबाई, अ‍ॅब्डिकेटला कसर लागली की!” अर्थाच्या जागी नुसती भोकं उरली होती.

“तुला कशी नाही रे लागली?” अ‍ॅब्डिकेटने रडवेल्या आवाजात विचारलं.

“कसरीला इथे निवांत बसू कोण देतंय, राव?” टेक म्हणाला. “पोरं सारखी पान उघडतात.”