भरलेली फुलं आणि उपाशी पिलू

एका रानात, ओढ्याच्या काठी, पांगाऱ्याच्या झाडावर एक शिंजीर पक्षीण राहत असे. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी, बाळांनो. चोच बाकदार, आणि मुख्य खाणं म्हणजे फुलातला गोड रस. तिचं एकच पिलू जगलं होतं आणि ते नुकतंच उडायला लागलं होतं. त्यामुळे तिचा जीव सदा टांगणीला. ससाणा आला का, साप चढला का, हेच ती दिवसभर बघायची, आणि मधून मधून पिलाला विचारायची, "प्यायलास का रे?"

खाली ओढ्यात एक बगळा उभा असे. मासे पळतील म्हणून तो फारसा बोलत नसे, पण एका संध्याकाळी पिलू पाण्यावर आलं तेव्हा हळूच म्हणाला, "आम्ही एकदा खातो आणि तासन् तास उभे राहतो. तुझी चोच मात्र सारखी फुलात. एवढुसं पोट आणि हावरटपणा केवढा." पिलाला ते फार लागलं. तसंच न पिता ते झोपून गेलं. सकाळी त्याने मनाशी ठरवलं, दुपारपर्यंत एक थेंबसुद्धा घ्यायचा नाही. आई बघायची तेव्हा ते फुलात नुसती चोच घालून बसायचं आणि म्हणायचं, "हो आई, प्यालो."

ऊन वर आलं तसे पिलाचे पंख थरथरायला लागले. आई धावत जवळ गेली. तर त्याने परक्यासारखं तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोण?"

आई जागच्या जागी गोठली. ज्याला चोचीने भरवलं, त्याने आईला ओळखू नये? ती काही बोलणार तोच पिलाचे पाय सुटले आणि ते खाली गवतात पडलं. डोळे अर्धे मिटलेले, छाती नुसती धडधड उडत होती. सापच चावला असणार म्हणून आईने त्याचं पीस न् पीस चाचपलं. खूण कुठेच नाही. मग दृष्ट लागली म्हणून ती लाल पाकळी घेऊन त्याच्यावरून ओवाळायला लागली.

तेवढ्यात झाडावरून एक मुंगी उतरली. रोज शिंजिरांनी पिऊन उरलेला रस ती न्यायची. ती म्हणाली, "बाई, ओवाळत काय बसलीस? तुझं पोर ज्या फुलांवर बसलं होतं, ती सगळी काठोकाठ भरलेली आहेत. ते काही प्यालेलंच नाही."

आईचा विश्वासच बसेना. सकाळपासून दहादा तरी विचारलं होतं तिने.

मुंगीने समजावलं, "आपण खातो त्याची साखर रक्तात उतरते. तीच रक्तातून पंखाला मिळते, डोळ्याला मिळते, काळजाला मिळते. डोक्याला तर ती सगळ्यात आधी लागते. ती संपली म्हणून ते तुला विसरलं. अजून चोच हलतेय, गिळतंय, तोवर रस आण."

आई फुलाकडे झेपावली. एक थेंब पिलाच्या चोचीत सोडला. ते गिळेपर्यंत थांबली, मग दुसरा. पाचव्या थेंबाला थरथर कमी झाली. सातव्याला पिलाने डोळे उघडले आणि म्हटलं, "आई, मी खाली कसा आलो?" आईने त्याला पंखाखाली घेतलं.

बगळा लांबून सगळं बघत होता. त्याचा वर केलेला पाय तसाच राहिला. तो पुटपुटला, "मी तर गंमत केली होती."

मुंगी म्हणाली, "बगळेदादा, तुमच्या पोटात कालचा मोठा मासा आहे. याचं अंग केवढं, त्यात साठणार किती?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्यात मासे अगदी बगळ्याच्या पायाशी आले होते. चोच मारायची तेवढी बाकी होती. तेवढ्यात त्याला फांदीवर पिलू दिसलं आणि तो मोठ्याने ओरडला, "अरे, प्यायलास का?" सगळे मासे पळाले. पिलाने फुलातून चोच बाहेर काढली. ती रसाने माखलेली होती.

तात्पर्य : अंगातला प्रत्येक अवयव रक्तातल्या साखरेच्या बळावर चालतो, म्हणून दुसऱ्याच्या टोमण्यापायी आपलं पोट उपाशी ठेवू नये, आणि लेकराला जेवलास का असं नुसतं विचारू नये, त्याच्या ताटात डोकावून बघावं.