ठुमक्याचं चाक आणि हरवलेला पुंजू

एक होता ठुमक्या. लाकडाचा बैल. एवढुस्सा! पायाखाली चार चाकं. गळ्यात दोरी.

ठुमक्या राहायचा धान्याच्या खोलीत. टोपल्यांच्या मागे. अंगावर धूळच धूळ. शिंगांवर कोळ्याचं जाळं.

आधी असं नव्हतं बरं का! आधी ठुमक्याचा एक दोस्त होता. पुंजू. इतकुस्सा पुंजू! नाकाला शेंबूड. चड्डी सारखी खाली. पुंजू दोरी ओढायचा. ठुमक्या पळायचा. दोघं तान्ह्या पोळ्यात मिरवायचे.

मग एक दिवस पुंजू आलाच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. ठुमक्याला पुंजूची फार फार आठवण यायची.

आज बाहेर ढोल वाजला. ढम ढम ढमाक!

मोठ्या बैलांचा पोळा झाला काल. आज तान्हा पोळा. म्हणजे पोरांचा पोळा! पोरं आपापले लाकडी बैल सजवणार. रांगेत उभी राहणार. मिरवणार.

ठुमक्यानं कान टवकारले. "पुंजू आला असेल! मला शोधत असेल!"

ठुमक्यानं मारली उडी. टुण्ण!

आणि एक चाक निखळलं. गड गड गड गड... गेलं थेट उंदराच्या बिळापाशी.

उंदरानं चाक उचललं. बिळाला दार म्हणून लावलं. फिट्ट!

ठुमक्या निघाला तीन चाकांवर. खड खड खट्ट! खड खड खट्ट!

"उंदरा उंदरा, चाक दे.
चाक मी लावीन, पुंजूला शोधीन, पोळ्यात मिरवीन!"

उंदीर म्हणाला, "वा रे वा! मग माझ्या बिळाला दार काय? आधी करवंटी आण. मग चाक देईन."

करवंटी होती कोंबडीकडे. ठुमक्या निघाला. खड खड खट्ट! खड खड खट्ट!

"कोंबडे कोंबडे, करवंटी दे.
करवंटी उंदराला देईन, उंदीर चाक देईल.
चाक मी लावीन, पुंजूला शोधीन, पोळ्यात मिरवीन!"

कोंबडी म्हणाली, "पक् पक् पकाक्! माझं पोट रिकामं. रिकाम्या पोटी मी कुणाला काही देत नाही. आधी ज्वारी आण. मग करवंटी देईन."

ज्वारी होती पोत्यात. ठुमक्या निघाला. खड खड खट्ट! खड खड खट्ट!

"पोत्या पोत्या, ज्वारी दे.
ज्वारी कोंबडीला देईन, कोंबडी करवंटी देईल.
करवंटी उंदराला देईन, उंदीर चाक देईल.
चाक मी लावीन, पुंजूला शोधीन, पोळ्यात मिरवीन!"

पोतं म्हणालं, "म्म्म्! म्म्म्! तोंड बांधलंय माझं! आधी सुतळी ढिली कर. मग ज्वारी देईन."

सुतळी होती पोत्याच्या गळ्याशी. चांगली आवळून बसलेली. ठुमक्यानं मान वर केली.

"सुतळे सुतळे, ढिली हो.
सुतळी ढिली होईल, पोतं ज्वारी देईल.
ज्वारी कोंबडीला देईन, कोंबडी करवंटी देईल.
करवंटी उंदराला देईन, उंदीर चाक देईल.
चाक मी लावीन, पुंजूला शोधीन, पोळ्यात मिरवीन!"

सुतळी म्हणाली, "अशी कशी ढिली होऊ? गाठ मारलीय मिशीवाल्या काकांनी. आधी काकांना गाठ सोडू दे. मग ढिली होईन."

मिशीवाले काका होते पुढच्या खोलीत. ठुमक्या निघाला. खड खड खट्ट! खड खड खट्ट!

काकांचं डोकं पलंगाखाली. पाय बाहेर. काय करत होते काका? लाकूड शोधत होते. त्यांच्या लेकीला, रेणूला, पोळ्यासाठी बैल हवा होता. बाजारातले बैल संपले होते. काकांना आणायची आठवणच राहिली नाही! आता म्हणे घरीच बैल करतो.

बैल मागेच उभा. पण बघतो कोण?

"काका काका, गाठ सोडा.
काका गाठ सोडतील, सुतळी ढिली होईल.
सुतळी ढिली होईल, पोतं ज्वारी देईल.
ज्वारी कोंबडीला देईन, कोंबडी करवंटी देईल.
करवंटी उंदराला देईन, उंदीर चाक देईल.
चाक मी लावीन, पुंजूला शोधीन, पोळ्यात मिरवीन!"

पलंगाखाली काकांना अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. काका आतूनच ओरडले, "मले टाइम नाही बाप्पा! माही रेणू रडून राह्यली. आधी तिले हासव. मंग गाठ सोडतो."

रेणू बसली होती अंगणात. रडत होती. भ्यांऽऽऽ! भ्यांऽऽऽ!

ठुमक्या निघाला. खड खड खट्ट! खड खड खट्ट!

"रेणू रेणू, हास ना.
रेणू हासेल, काका गाठ सोडतील.
काका गाठ सोडतील, सुतळी ढिली होईल.
सुतळी ढिली होईल, पोतं ज्वारी देईल.
ज्वारी कोंबडीला देईन, कोंबडी करवंटी देईल.
करवंटी उंदराला देईन, उंदीर चाक देईल.
चाक मी लावीन, पुंजूला शोधीन, पोळ्यात मिर... मिर... मिर..."

धप्प! ठुमक्या पडला की उताणा! तिन्ही चाकं वर. गर गर गर गर!

रेणूनं पाहिलं. भ्यांऽऽ थांबलं. खुदकन हसू फुटलं. खी खी खी खी!

"बाबा, बाबा! बैल! बोलणारा बैल! आन बाबा, पुंजू कोन व्हय?"

पलंगाखाली आवाज आला. ठण्ण! काकांचं डोकं आपटलं. काका बाहेर आले. मिशीला जळमट.

"पुंजू? पुंजू तं मी! लहानपनी समदे मले पुंजूच म्हनत."

ठुमक्या म्हणाला, "हॅट्! माझा पुंजू इतकुस्सा आहे. त्याला मिशी नाही. त्याला शेंबूड आहे!"

काका खाली बसले. मांडी घालून, ठुमक्यासमोर. त्यांनी ठुमक्याची धूळ पुसली. शिंगावरचं जाळं काढलं. डावा कान बघितला. कानावर बारीक बारीक दात उमटले होते.

"हा कान म्याच चावला होता," काका हळूच म्हणाले. "मले दात येत होते तवा. तू रडला नाही. मीच रडलो."

हे फक्त पुंजूलाच ठाऊक होतं!

"पुंजू! तू एवढा मोठा कधी झालास?"

"कोनाले मालूम! मोठा झालो आन तुले इसरून गेलो. चुकलो रे ठुमक्या."

काकांचे डोळे भरून आले. नाकही वाहायला लागलं.

ठुमक्या ओरडला, "हाच! हाच माझा पुंजू!"

मग काय! रेणू हसली, काकांनी गाठ सोडली. गाठ सुटली, सुतळी ढिली झाली. सुर्रर्र! सुतळी ढिली झाली, पोत्यानं ज्वारी दिली. सळ सळ सळ! ज्वारी कोंबडीला दिली, कोंबडीनं करवंटी दिली. पक् पक् पकाक्! करवंटी उंदराला दिली, उंदरानं चाक दिलं. गड गड गड!

आणि चाक पुंजूनं लावलं. ठक ठक ठक!

रेणूनं ठुमक्याला झूल घातली. शिंगांना फुगे बांधले. गळ्यात घुंगरू. चला पोळ्याला!

रेणूनं दोरी ओढली. ठुमक्या हलेना.

"पुंजू पण पाहिजे," ठुमक्या म्हणाला.

झालं! रांगेत उभी सगळी चिल्लीपिल्ली. मधेच उभे मिशीवाले काका! एका हातानं दोरी रेणूनं धरली, एका हातानं काकांनी. सगळं गाव बघायला लागलं. काका लाजले. पण दोरी काही सोडली नाही.

समोर आल्या ताराकाकू. हातात आरतीचं ताट. त्या प्रत्येक बैलाला ओवाळत होत्या. प्रत्येकाला विचारत होत्या.

"हा बैल कोनाचा?"

"माहा!" रेणू म्हणाली.

"माहा!" काका म्हणाले.

"माहा!"

"माहा!"

ताराकाकूंनी कपाळाला हात लावला. "अवो पुंजाराम, लहान हाय काय तुम्ही? बरं, बैला, तूच सांग. तू कोनाचा?"

ठुमक्यानं मान ताठ केली. घुंगरू वाजलं. छुन्न!

"मी कुणाचा काय विचारता? हे दोघं माझे आहेत!"

ताराकाकू खो खो हसल्या. त्यांनी तिघांनाही कुंकू लावलं. तिघांनाही लाडू दिला.

ठुमक्याचा लाडू पुंजूनं खाल्ला.