दोन दरवाजांचा पूल

फार पूर्वी एका रुंद खाडीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडे मिठागरं, पलीकडे भाताची खाचरं. पावसाळ्यात होडी चालत नसे. मग इकडचे भाताला आणि तिकडचे मिठाला महाग होत.

दूरच्या नगरात एक मोठी पेढी होती. शेजारी राज्यांनी मिळून काही उभारायचं म्हटलं, की ती खर्च देई. तिचा कारभारी आला. म्हणाला, "पूल बांधा, पैसा आमचा. अट एकच, वाट सगळ्यांना मोकळी राहिली पाहिजे." दोन्ही राजांनी मान डोलावली.

अलीकडच्या एका पाथरवटानं चार वर्षं खपून पूल बांधला आणि आपली एकुलती लेक पलीकडे दिली. "आता माहेर हाकेवर आलं," तो बायकोला म्हणाला.

पण वर्षभरात पाथरवटाला अलीकडच्या राजाचा हुकूम आला, "आमच्या टोकाला दरवाजा बसव. आमच्या मिठावर तिकडचे गब्बर होतायत." लगेच पलीकडच्या राजालाही तेच सुचलं. त्यानंही ह्याच पाथरवटाला बोलावलं.

"अहो, पेढीची अट होती ना? कारभाऱ्यांना कळवा तरी," बायको म्हणाली.

"ते राजांचं प्रकरण. आपण कशाला बोला?" म्हणत त्यानं दोन्ही दरवाजे बसवले. चांगले भक्कम.

पुढे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. पलीकडच्या दरवाजातून तिची बैलगाडी सुटली, पण अलीकडे शिपायानं अडवली. "आमच्या राजाचा शिक्का कुठाय?" जावयानं गाडी मागे वळवली, तर तिकडचा शिपाई म्हणाला, "एकदा बाहेर पडलात. आता आत यायला नवा परवाना लागेल."

भर पुलावर, दोन दरवाजांच्या मधे, पोरीला कळा सुरू झाल्या.

पाथरवट सुइणीला घेऊन धावत आला. दाराआडून लेक "आई, आई" करत होती. तो शिपायाच्या पाया पडला. "अरे, माझी पोर आहे रे ती!"

"हुकूम आहे, बाबा," शिपाई खाली बघत म्हणाला.

तिन्हीसांजेला शिक्का आला. तोवर लेक गेली होती, आणि बाळही.

पुढच्या वर्षी कारभारी पाहणीला आला. त्यानं कमानी ठोकून पाहिल्या. "वा! कुठं एवढासा तडा नाही. दरवाजे तेवढे अटीत बसत नाहीत. पण ते राजांचं प्रकरण. आपण कशाला बोला?"

"मीही हेच म्हणालो होतो," पाथरवट म्हणाला, आणि खाली मान घालून घराकडे निघाला.

तात्पर्य: डोळ्यांदेखत वाट अडवली जात असताना जो गप्प बसतो, तोही ती अडवणाऱ्यांतलाच एक असतो.