दारावरचा तिसरा ओंडका

एका गावाला नदीने तीन बाजूंनी वेढलं होतं. बाजार पलीकडे, देऊळ पलीकडे, मामाचं घरही पलीकडेच. म्हणून त्या गावात पोहण्याची शाळा होती. पोर नीट धावायला लागलं, की त्याचं नाव शाळेत घालत.

शाळा चालवायचे म्हादू वस्ताद. त्यांची रीत अशी. नव्या पोराच्या पाठीला पांगाऱ्याचे तीन ओंडके बांधायचे. पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं, ते माणसाला बुडू देत नाही. पोर घाटाजवळच्या संथ पाण्यात तरंगू लागलं, की पहिला ओंडका सुटायचा. काठाकाठाने पोहू लागलं, की दुसरा. आणि नदीच्या मधल्या, जोराच्या ओढीतून पार होऊन परत आलं, की तिसरा.

सुटलेला ओंडका वस्ताद पोराच्या घरी धाडत. आईबापांना तोच निरोप. ते तो दारावर टांगत. रस्त्याने जाणाऱ्याने नुसती मान वर केली, की त्या घरचं पोर कुठवर आलं ते त्याला कळे. पुढे लोक ओंडक्यांना रंग देऊ लागले, गोंडे लावू लागले. नव्या पोरांना ओंडके पुरेनासे झाले, तरी दारावरचा कुणी काढून देईना. आणि पोर कसं पोहतं ते बघायला घाटावर कुणी येईना. दार बघितलं की झालं.

त्या गावात केरबाशेट नावाचे पानांचे व्यापारी होते. ते डोंगराकडचे, घरजावई म्हणून इथे आलेले. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. म्हणून तर लेकीच्या, येसूच्या, ओंडक्यांचा त्यांना फार अभिमान. पण त्यांच्या दारावर ओंडके दोन आणि समोरच्या दारावर तीन. केरबाशेटना जेवण गोड लागेना.

यात्रा जवळ आली तसं त्यांनी वस्तादांना गाठलं.

"वस्ताद, तीन ओंडक्यांची पोरं कमरेला नारळ बांधून देवळापर्यंत पोहत जाणार. माझी पोर काय काठावर टाळ्या वाजवणार?"

"शेट, येसू चलाख आहे. पण मधली ओढ अजून तिला..."

"चलाख आहे ना? मग अडलंय कुठं? चार माणसांत तुमचं नाव घेतो मी, पंचक्रोशीत असा वस्ताद नाही म्हणून."

वस्ताद वाईट नव्हते. त्यांना कुणाचं उतरलेलं तोंड बघवत नसे, इतकंच. यात्रेपर्यंत शिकेल की पोर, असं त्यांनी मनाला सांगितलं आणि तिसरा ओंडका धाडून दिला.

केरबाशेटनी गल्लीभर पेढे वाटले. ओंडक्याला लाल गोंडे लावले. येसू मात्र पेढा हातात घेऊन उभी राहिली.

"आबा, मधे पाणी पाय ओढतं. तिथं मला दम लागतो."

"वर काय लटकतंय?"

"ओंडका."

"कितवा?"

"तिसरा."

"मग वस्ताद खोटं बोलतात का?"

येसूने हातातला पेढा खाली ठेवला. तिची आई सगुणा आतून म्हणाली, "अहो, पोर समोर उभी आहे. दाराला काय विचारताय?"

"दार घाबरत नाही, म्हणून," केरबाशेट म्हणाले आणि हसले.

यात्रेचा दिवस उजाडला. घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. हलगी अशी कडाडत होती, की म्हाताऱ्यांचे पायसुद्धा हलू लागले. बायका होडीने पुढे देवळात गेल्या होत्या, सगुणाही गेली होती. पलीकडून त्या ओल्या पदरांनी पोरांना बोलावत होत्या. पोरं पायरीवर ओळीने उभी राहिली. तुतारी वाजली, की उडी मारायची.

येसू शेवटची होती. तिने सवयीने पाठीमागे हात नेला. पाठ मोकळी होती. मग तिने वस्तादांकडे बघितलं. 

वस्तादांच्या मनात आलं, आता बोललो, तर गाव विचारील, आणखी कुठल्या दारावर खोटा ओंडका आहे? शाळेचं नाव जाईल. न बोललो, तर पोर कदाचित पार होईल. कदाचित. तो शब्द त्यांना गिळता येईना.

येसूच्या पाठीला ओंडका हवा होता आणि शाळेत एकही शिल्लक नव्हता. ते पळत सुटले. केरबाशेटचं घर घाटाच्या वरच्या पायरीलाच होतं. वस्तादांनी उडी मारून तिसरा ओंडका धरला आणि दोरीसकट ओढला. दारातच उभ्या असलेल्या केरबाशेटनी त्यांचा हात पकडला.

"अहो, पोरीचं बक्षीस आहे ते."

"बक्षीस नाही शेट, निरोप आहे. आणि मी तो खोटा धाडला." वस्ताद आता सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडले, "येसूला मधली ओढ जमत नाही. थांबवा तिला."

हलगी थांबली. पण तुतारी वाजून गेली होती.

घाबरू नका. या गोष्टीत पोरगी वाचते. पण केरबाशेटना ते कुठं ठाऊक होतं? त्यांना नदीच्या मधोमध एक डोकं दिसलं. मग दिसेना. मग दिसलं. ते पायऱ्या उतरत धावले आणि पाण्याच्या कडेला येऊन थांबले. त्यांना पुढे जाता येईना. एवढा तालेवार माणूस, पण लेकीपर्यंत पोचायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

वस्तादांनी ओंडक्यासह उडी घेतली. ओंडका पुढे ढकलत ते असे सुटले, की पाणी दुभंगल्यासारखं दिसलं. "येसू, धर." येसूचा हात वर आला, चुकला, पुन्हा वर आला. लाल गोंडे तिच्या मुठीत सापडले.

काठावरच्या माणसांनी रोखून धरलेला श्वास एकदमच सोडला.

वस्तादांनी तिला दम घेऊ दिला. मग विचारलं, "मागं फिरायचं, का पुढं?"

येसूने दोन्ही काठ बघितले. "पुढं. पण हा सोडणार नाही."

"नको सोडू. मी आहे बाजूला."

ती सगळ्यांत शेवटी पोचली. छातीशी ओंडका, कमरेला नारळ. अशा टाळ्या त्या नदीवर आधी कधी वाजल्या नव्हत्या. सगुणा कमरेएवढ्या पाण्यात उतरून उभी होती. तिने लेकीला उचललं आणि कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही.

संध्याकाळी पंच बसले. वस्ताद म्हणाले, "शाळा दुसऱ्या कुणाला द्या."

केरबाशेट उठले. "मग मलाही शिक्षा द्या. मागणारा मी होतो. पोरीने मला सांगितलं होतं, मी दार दाखवलं."

पंचांनी वस्तादांना ठेवलं, रीत मात्र बदलली. दारांवरचे सगळे ओंडके उतरवून शाळेत आणले. आता दर महिन्याला आईबापांनी घाटावर यायचं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. पोर पोहून दाखवणार. पोराला काय जमतं, काय जमत नाही, घरी काय करून घ्यायचं, ते वस्ताद सांगणार. आणि भीती कशाची वाटते, ते पोराने स्वतः सांगायचं.

दुसऱ्या दिवशी शाळेत एक नवा विद्यार्थी आला. त्याच्या पाठीला तीन ओंडके होते आणि पोट चांगलं सुटलेलं होतं. येसू त्याची हनुवटी धरून उभी होती.

"आबा, पाय हलवा. पाय."

सगुणाने घाटावरून विचारलं, "कसं चाललंय यांचं?"

"हात बरे मारतात. पाय विसरतात. नाकात पाणी गेलं, की तुझ्या नावाने ओरडतात."

केरबाशेट पाणी थुंकत म्हणाले, "अगं, हुशार आहे म्हणून सांग की."

येसूने क्षणभर विचार केला. "घाबरतात, पण आलेत. उद्या परत पाठव."

तात्पर्य: लेकराविषयी शाळेने घरी धाडलेला निरोप गोड नसला तरी चालेल, तो खरा हवा. आणि निरोप कसाही आला, तरी आईबापांनी आधी लेकराला विचारावं. कारण दार पाण्यात उतरत नाही, लेकरू उतरतं.