सातचा भोंगा

"म्हणजे आज पण भोंगा वाजवणार तुम्ही, बाबा?"

"सात वाजले की वाजवणार."

"अहो, आज सातच्या मालिकेत मी आहे, टीव्हीवर!"

हुसेनबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून निखाऱ्यावर डफ शेकत होते. पाचवीपासून मला डफ तेच शिकवतात. किती शिकलो ते विचारू नका.

आमच्या गावानं ग्रामसभेत ठराव केलाय. सात ते साडेआठ टीव्ही बंद, पोरं अभ्यासाला. दर्ग्याचा मनोरा सगळ्यात उंच, म्हणून भोंगा तिथं. बटण बाबांकडं.

माझं डोकं फिरलं होतं.

"प्राइम टाइम म्हणजे काय, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही बा. सांग."

"सात ते दहा. माणसं कामावरून घरी, ताट पुढ्यात, डोळे टीव्हीवर. जाहिरातवाले त्याच वेळेसाठी मारामारी करतात. भारी माल तेव्हाच दाखवतात, दुपारी नुसतं शिळं. आणि आपलं गाव नेमकं तेव्हाच टीव्ही बंद करून बसतं! असलं येडं गाव अख्ख्या महाराष्ट्रात नसेल."

"अख्खा महाराष्ट्र बघणार ना तुला?"

"बघणारच."

"मग आपली तीनशे घरं राहिली तर काय बिघडलं?"

"त्याच तीनशे घरांनी बघायला पाहिजे!" माझा आवाज चिरकला. "नाव गुणवंत आणि गणितात अकरा, म्हणून हीच घरं हसली मला. महाराष्ट्र नव्हता हसला."

बाबांनी निखाऱ्यावरचा डफ फिरवला.

"सीन मोठा आहे?"

"लग्नाचा आहे."

"तू नवरदेव?"

"...सरबत वाटणारा. पण डायलॉग आहे! 'काका, सरबत घ्या.'"

बाबा हसले नाहीत. हसले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

"एकच दिवस, बाबा. आपल्या शिष्यासाठी."

"सात वाजत आले," ते म्हणाले.

आता खरं सांगतो. भोंग्याचा फ्यूज दुपारीच माझ्या खिशात आला होता. बाबा हो म्हणाले असते तर उद्या गुपचूप परत लावणार होतो.

सातला बाबांनी बटण दाबलं.

काही नाही.

परत दाबलं. मग माझ्याकडं बघितलं... माझा हात उगीचच खिशाकडं गेला.

घराघरातून मालिकेचं गाणं सुरू झालं. जिंकलो म्हटलं!

तेवढ्यात समोरच्या घरातून अनसूयाकाकू बाहेर आल्या, हात पिठानं भरलेले.

"भोंगा का नाही झाला? बाबा बरे आहेत ना?"

मागोमाग शिंपीमामा. मग गणिताचे मास्तर, एकाच पायात चप्पल. माझी आई तर पळतच आली. "बाबांना काय झालं रे?"

बघता बघता ओट्यापुढं सगळं गाव गोळा. पोरं दप्तरांसकट.

"काही झालं नाही त्यांना! घरी जा ना! टीव्ही चालू ठेवून आलाय तुम्ही, बघा की जाऊन!" मी बोंबलत होतो.

कुणी हललं नाही.

आणि अनसूयाकाकूंच्या उघड्या दारातून माझाच आवाज आला.

'काका, सरबत घ्या.'

पलीकडच्या घरातूनही तोच. त्याच्या पलीकडूनही. आत एकही माणूस नव्हता. काकूंची मांजर असेल तर असेल.

"हा कुठला न्याय झाला, बाबा?" मी रडकुंडीला आलो होतो. "वाजला तरी कुणी बघत नाही, नाही वाजला तरी कुणी बघत नाही!"

बाबांनी हात पुढं केला. मी फ्यूज काढून दिला.

त्यांनी शेकलेला डफ माझ्यापुढं ठेवला. ओट्यावरून सावकाश खाली उतरले आणि लोकांमध्ये जाऊन मांडी घालून बसले.

वर मी एकटा...

"सगळं गाव आलंय, गुणवंता," बाबा म्हणाले. "काय दाखवणार होतास?"